हुशार मूल कोणाला दिसतं?

१९२१ साली लुइस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातल्या शाळांमध्ये एक मोठी पाहणी सुरू केली. शिक्षकांना विचारलं होतं : तुमच्या वर्गातलं सर्वांत हुशार मूल कोणतं? त्याच्या खालोखाल कोणतं? तिसरं कोणतं? आणि वयाने सर्वांत लहान कोणतं? या नावांना चाचण्यांची चाळणी लावून त्याने पुढे दीड हजाराहून अधिक मुलं निवडली आणि दशकानुदशकं त्यांचा माग ठेवला. आकडे हाती आल्यावर एक नवलाची गोष्ट दिसली. ‘सर्वांत हुशार’ म्हणून सुचवलेल्या मुलांपेक्षा ‘सर्वांत लहान’ या रकान्यातली मुलं चाचणीत जास्त वेळा वर येत होती. शिक्षक मुलाला त्याच्या वयाशी न ताडता वर्गाशी ताडत होते. एक इयत्ता पुढे बसलेलं लहानगं मोठ्या मुलांत साधारण वाटायचं आणि वयाने थोराड मूल चटपटीत दिसायचं.

प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाचा इतिहास बहुधा चाचण्यांच्या अंगाने सांगितला जातो. १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी पॅरिसमध्ये बुद्धी मोजणारी पहिली श्रेणी तयार केली, तीही अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. १९१६ मध्ये टर्मनने ती अमेरिकेसाठी बेतली आणि बुद्ध्यंक हा शब्द शाळांत रुळला. या इतिहासात शिक्षक येतो तो नावं सुचवणारा आणि चुकणारा म्हणून. त्याची नजर तयार कशी होते, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. मला तोच या विषयाचा गाभा वाटतो, आणि त्याच्या बऱ्याच वाटा बालपुस्तकांतून जातात.

खुद्द टर्मनच्या पाहणीतही पुस्तकं होती. मुलांनी दोन महिने वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायची होती. त्याच्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी शाळेत जाण्याआधीच वाचायला शिकलेली होती. पुढे त्याने मार्गारेट लिमा या सहकारी संशोधक बाईंबरोबर पालक आणि शिक्षकांसाठी मुलांच्या वाचनावर एक मार्गदर्शक पुस्तकही लिहिलं. बुद्धी मोजण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाला, मूल काय वाचतं हे शिक्षकाला ठाऊक असायला हवं असं वाटलं, ही गोष्ट बुद्ध्यंकाच्या गदारोळात मागे पडली. चाचणीलाही तिचे आंधळे कोपरे होतेच. विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ हे दोघे लहानपणी याच पाहणीच्या चाळणीतून गळले आणि पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या सगळ्या कथेत मला सर्वांत जवळची वाटते ती लीटा हॉलिंगवर्थ. ती मुळात शाळेतली शिक्षिका, नेब्रास्कात शिकवणारी. १९०८ मध्ये लग्न होऊन न्यूयॉर्कला आली, तेव्हा तिथल्या शाळांत विवाहित स्त्रियांना शिकवू दिलं जात नसे. वर्ग हातातून गेला म्हणून ती मानसशास्त्राकडे वळली आणि कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात भावी शिक्षकांना शिकवू लागली. १९१६ मध्ये विद्यार्थ्यांना चाचणी कशी घेतात हे दाखवण्यासाठी तिने एक तल्लख मूल मागवलं. ते मूल चाचणीच्या वरच्या टोकापर्यंत पोचलं आणि तिच्या आयुष्याचं काम ठरून गेलं. पुढे तिच्या लक्षात आलं, की अतिशय वरच्या बुद्धीची मुलं बऱ्याचदा एकटी पडतात. बरोबरीच्या वयाला त्यांचं बोलणं कळत नाही आणि मोठी माणसं त्यांना खेळात घेत नाहीत.

१९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पायर शाळेत तिने अशा मुलांचे वर्ग सुरू केले. पुढच्या इयत्तेचा अभ्यास आधी उरकायचा, असं तिथे नव्हतं. ‘नित्याच्या वस्तूंची उत्क्रांती’ हा तिथला कणा होता : अन्न, वस्त्र, निवारा, वाहनं, हत्यारं, वेळ मोजणं या गोष्टी माणसाच्या हाती कशा आल्या, ते मुलांनी शोधायचं. जोडीला चरित्रं वाचायची. चरित्रांचा हा आग्रह फार जाणता होता. वर्गात आपल्यासारखं कोणी नाही असं वाटणाऱ्या मुलाला पुस्तकात आपल्यासारखं कोणीतरी भेटतं, आणि त्या माणसाचं पुढे काय झालं हेही कळतं. अशा अभ्यासक्रमात शिक्षकाला तयार धड्यावर विसंबता येत नाही. मुलांबरोबर त्यालाही पुस्तकं धुंडाळावी लागतात, आणि माझ्या मते शिक्षकाची खरी वाढ तिथेच होते. हॉलिंगवर्थ १९३९ मध्ये गेली, वय अवघं त्रेपन्न.

१९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक अवकाशात गेला आणि अमेरिकेला एकाएकी हुशार मुलांची आठवण झाली. पुढच्याच वर्षी कायदा होऊन गणित, विज्ञान आणि परकीय भाषांसाठी पैसा वाहू लागला. त्याच सुमारास, १९५९ मध्ये, पेग्नाटो आणि बर्च यांचा अभ्यास आला. एका शाळेतल्या ९१ प्रज्ञावान मुलांपैकी शिक्षकांनी ४१ ओळखली होती, आणि त्यासाठी नावं दिली होती १५४. पुढची कित्येक वर्षं ‘शिक्षकांना हुशार मुलं ओळखता येत नाहीत’ याचा पुरावा म्हणून हे आकडे फिरत राहिले. १९९४ मध्ये फ्रान्सुआ गान्ये यांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि शिक्षकांवरचा हा ठपका त्यातून सिद्ध होत नाही, असं दाखवलं. पस्तीस वर्षं शिक्षकवर्गाने तो सोसला होता.

मला महत्त्वाचा वाटतो तो मधला टप्पा. १९७८ मध्ये प्रशिक्षण घेतलेल्या आणि न घेतलेल्या शिक्षकांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही मोजक्या सत्रांच्या प्रशिक्षणानंतर शिक्षकांची ओळखण्याची ताकद सुमारे दुपटीने वाढलेली दिसली. म्हणजे ही नजर शिकवता येते. १९७२ च्या मार्लंड अहवालाशेजारी हे ठेवून पाहावं. अमेरिकी काँग्रेसला सादर झालेल्या त्या अहवालासाठी शाळांना विचारणा केली होती, तेव्हा निम्म्याहून अधिक शाळांनी ‘आमच्याकडे प्रज्ञावान मूल नाही’ असं कळवलं होतं. मुलं तर होतीच, पण पाहायचं काय हे तिथल्या शिक्षकांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

१९७८ मध्येच अमेरिकी अभ्यासक जोसेफ रेन्झुली यांनी प्रज्ञा कशातून घडते याची तीन वर्तुळांची मांडणी केली : सरासरीपेक्षा वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाचा ध्यास. ध्यास एका दुपारच्या चाचणीत उमटत नाही, तो रोज वर्गात असणाऱ्यालाच दिसतो. या मांडणीने शिक्षक पुन्हा मध्यभागी आला. त्याच वर्षी कनेक्टिकट विद्यापीठात शिक्षकांसाठी उन्हाळी प्रशिक्षण वर्गही सुरू झाले.

पुस्तकांकडून आलेला धागा याहून जुना आहे. शिकागोत १९४७ मध्ये प्रौढांच्या वाचनमंडळांसाठी ग्रेट बुक्स फाउंडेशन स्थापन झालं आणि १९६२ मध्ये त्याची मुलांसाठीची शाखा आली. तिथला नियम साधा आणि अवघड आहे : चर्चा चालवणाऱ्याने ज्याचं उत्तर आपल्याला खरोखर ठरवता आलेलं नाही, असाच प्रश्न विचारायचा. त्यासाठी शिक्षकांना आधी प्रशिक्षण दिलं जाई. वर्षानुवर्षं उत्तर माहीत असलेलेच प्रश्न विचारत आलेल्या शिक्षकाला ही सवय मोडणं किती जड जात असेल! पण मुलं बोलू लागतात ती अशाच प्रश्नावर, आणि कोणाचं डोकं कुठे चालतं हे तेव्हा कळतं. पाठांतरात मागे असलेलं मूल गोष्टीतल्या पात्राच्या मनातलं असं काही बोलून जातं, की शिक्षकाला त्याची नव्याने ओळख होते.

१९९१ मध्ये कोलंबस गट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पालक आणि अभ्यासकांनी प्रज्ञावान मुलाची वाढ विषम गतीने होते, हे नेमक्या शब्दांत मांडलं. बुद्धी एका वयाची, भावना दुसऱ्या. पुस्तक निवडताना हे लगेच जाणवतं. सात वर्षांच्या मुलाला बारा वर्षांच्या मुलांचं पुस्तक सरसर वाचता येतं, पण त्यातली भीती, त्यातला विश्वासघात त्याच्या सात वर्षांच्या मनाला पेलेलच असं नाही. म्हणून इयत्तेनुसार लावलेली यादी इथे कामी येत नाही. शिक्षकाला पुस्तक स्वतः वाचलेलं असावं लागतं आणि मूलही ओळखीचं असावं लागतं.

या शतकाच्या सुरुवातीला रेन्झुली यांच्या सहकारी सॅली रीस यांनी रेन्झुलींच्या कामावर आधारलेली वाचनपद्धत वर्गांत आणली. शिक्षक रोज निरनिराळ्या पुस्तकांतले छोटे, उत्कंठेचे उतारे मोठ्याने वाचतो आणि ऐन रंगात थांबतो. मग प्रत्येक मूल आपल्या आवडीचं, झेपेल त्यापेक्षा किंचित अवघड पुस्तक घेऊन बसतं आणि शिक्षक एकेकाच्या शेजारी जाऊन चार-पाच मिनिटं त्या पुस्तकाविषयी बोलतो.