पार्श्वभूमी : गर्द, टर्की आणि मेंदूतलं कुलूप

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरली आणि मराठीत तिचं नाव पडलं गर्द. ती ओढणारा तो गर्दुल्ला. वेळेवर पुडी मिळाली नाही की त्याला लागायची ती टर्की : नाक-डोळे वाहतात, हाडं ठणकतात, पोटात मुरडा, झोप नाही. १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा बहुतेक घरांत या सगळ्याचं खापर वाईट संगत आणि कच्च्या मनावर फुटत असे. प्रयोगशाळांत मात्र टर्कीचं कोडं त्याआधी दहा वर्षं सुटू लागलं होतं.

गर्द म्हणजे अफूतल्या मॉर्फिनपासून बनवलेलं, भेसळीचं हेरॉइन. बायर कंपनीने १८९८ मध्ये ते खोकल्याचं औषध म्हणून विकायला काढलं होतं! मेंदूत ते झपाट्याने शिरतं आणि तिथे त्याचं पुन्हा मॉर्फिन होतं. हे मॉर्फिन नेमकं कुठे जाऊन बसतं, ते १९७३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॅंडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवलं. चेतापेशींवर त्याच्या मापाची कुलपं, म्हणजे रिसेप्टर, आहेत. पण अफूच्या बोंडातल्या रसासाठी माणसाच्या डोक्यात कुलूप कशाला असेल? उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनहून आलं. जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना डुकरांच्या मेंदूत एन्केफॅलिन सापडलं. वेदना शमवणारी अस्सल किल्ली मेंदू स्वतःच घडवतो. अफूकडे असते ती बनावट.

त्याच वर्षीचा एक प्रयोग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो. अमेरिकेत शर्मा, क्ली आणि निरेनबर्ग यांनी काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींना मॉर्फिन दिलं. पेशीच्या आत संदेश पुढे नेणारं अॅडेनिलेट सायक्लेज हे विकर (एन्झाइम) दबलं, पेशीतले संदेश मंदावले. मॉर्फिन चालूच ठेवलं, तर पेशींनी त्या विकराचा जोर वाढवून कामकाज मूळ पातळीवर आणलं. डोस पुरेनासा होतो तो असा. मग मॉर्फिन काढून घेताच तो वाढीव जोर मोकाट सुटला. बशीतल्या पेशींना ना वाईट संगत होती, ना कच्चं मन.

मेंदूच्या बुडाशी नॉरअॅड्रेनॅलिन हे शरीराला सावध, उत्तेजित करणारं रसायन सोडणाऱ्या पेशी आहेत. त्या अशाच मोकाट सुटतात आणि टर्की उसळते. म्हणून तर १९७८ पासून या पेशींना शांत करणारं क्लोनिडीन हे रक्तदाबाचं औषध टर्कीवर वापरात आलं.

टर्की बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. ओढ का राहते, हा धागा डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाकडे जातो. १९८८ मध्ये इटलीतल्या दी कियारा आणि इम्पेराटो यांना उंदरांमध्ये दिसलं की मॉर्फिन, कोकेन, दारू, निकोटिन या सगळ्यांनी मेंदूच्या एकाच केंद्रात डोपामिन वाढतं. अफूवर्गातली द्रव्यं ते आडवाटेने करतात : डोपामिनवर लगाम ठेवणाऱ्या पेशींनाच ती गप्प करतात. १९९३ मध्ये रॉबिन्सन आणि बेरिज यांनी पुढचं म्हणणं मांडलं. त्यांच्या मते हवंसं वाटणं आणि आवडणं यांचे मेंदूतले मार्ग वेगळे आहेत आणि डोपामिन पोसतं ते हवंसं वाटणं. गर्दुल्ल्याची मजा केव्हाच संपलेली असते. तरी ज्यावर गर्द तापवून ओढायचा, तो सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद नुसता दिसला, तरी त्याचे हात अस्वस्थ होतात.