वडिलांसोबत उघडायची पोर्ट वाइन: बाटली घेण्याआधी एवढं वाचा

"आप्पांची साठी आहे, साठ वर्षांची पोर्ट मिळेल का?" दर दोन-चार आठवड्यांनी कोणी ना कोणी काउंटरवर हे विचारतं. विचारणाऱ्याचा हेतू छान असतो, पण उत्तर द्यायला अर्धा तास जातो आणि मागे रांग वाढते. म्हणून हा कागद.

गोव्याहून येणारी किंवा आपल्याकडे सर्रास मिळणारी गोड लाल 'पोर्ट' वेगळी. तिला आम्ही नावं ठेवत नाही, पण मुरलेली पोर्ट म्हणतात ती पोर्तुगालच्या उत्तरेला असलेल्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. त्या खोऱ्याची हद्द 1756 सालीच आखून दिलेली आहे. द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचा कडक स्पिरिट घालून आंबणं थांबवतात. त्यामुळे गोडी आत राहते आणि अल्कोहोल 19-20 टक्क्यांवर जातं. बाटलीच्या गळ्यावर तिथल्या संस्थेची हमीपट्टी असते. ती दिसली नाही तर आमच्याकडून काय, कोणाकडूनच घेऊ नका.

आता खरं दुखणं. एक जुने ग्राहक खोक्यासकट बाटली परत घेऊन आले. 10 वर्षांची टॉनी, म्हणजे पिंपात मुरवलेली पोर्ट. घेऊन आठ वर्षं झालेली. वडिलांच्या पंचाहत्तरीपर्यंत ती 18 वर्षांची होईल, या हिशोबाने त्यांनी ती कपाटाच्या वरच्या फळीवर जपून ठेवली होती. तीही पत्र्याच्या छताखालच्या खोलीत, सोलापूरचे आठ उन्हाळे. उघडल्यावर चव पार बसलेली. "बदलून द्या," म्हणाले. आम्ही दिली नाही, आणि त्याचं वाईट आम्हालाही वाटलं.

टॉनी मुरते ती लाकडी पिंपात. लाकडातून हवा थोडी थोडी लागत राहते, लाल रंग उतरून तांबूस होतो, आणि ताज्या फळाच्या जागी अक्रोड, मनुका, जळक्या साखरेची चव येते. बाटलीत भरली की हे सगळं थांबतं. लोणचं बरणीतून काढून पानात वाढलं की ते पानात मुरत नाही, तसंच. लेबलवरचा 10, 20, 30, 40 असा आकडा पिंपातल्या मुरण्याचा आहे. तोही तंतोतंत वय नाही. लहान-मोठ्या वयाच्या पिंपांचं मिश्रण करतात, आणि ते त्या वयाच्या चवीचं आहे असं तिथल्या परीक्षकांनी चाखून ठरवलं की मगच तो आकडा छापता येतो. त्यामुळे टॉनी घरात ठेवून तिचं वय वाढत नाही. ज्या महिन्यात प्यायची त्याच महिन्यात न्या. मागच्या लेबलवर बाटलीत भरल्याचं साल असतं, ते जितकं अलीकडचं तितकं बरं.

बाटलीत मुरते ती व्हिंटेज पोर्ट. ही दोन-तीन वर्षंच पिंपात राहते, मग न गाळता बाटलीत जाते आणि तिथे दशकानुदशकं बदलत राहते. प्रत्येक सालची निघत नाही, पीक तसं असावं लागतं. 1963, 1977, 1994, 2011 ही नावाजलेली सालं. हिच्या तळाशी गाळ साचतो. "खराब निघाली" म्हणून आलेल्या बहुतेक तक्रारी या गाळाच्याच असतात. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, मग हलक्या हाताने काचेच्या जगमध्ये ओता, शेवटचा घोटभर सोडून द्या. आणि उघडली की दोन दिवसांत संपवा. घरात पिणारे दोघंच असतील तर हे आधी लक्षात घ्या.

ओळखायची सोपी खूण म्हणजे बूच. हाताने ओढून निघणारं टोपीवालं बूच बहुतेक टॉनीला असतं. ती ठेवायची नाही, प्यायची. व्हिंटेजला लांब बूच असतं, त्याला स्क्रू लागतो.

जन्मसालच हवं असेल तर 'कोल्हेइता' विचारा. एकाच सालची टॉनी, किमान सात वर्षं पिंपात राहिलेली. लेबलवर पिकाचं आणि बाटलीत भरल्याचं अशी दोन्ही सालं. वडिलांच्या सालची मिळणं अवघड आणि किंमत ऐकून आप्पाच रागावतील. तुमच्या जन्मसालची बघा. ते बाप झाले ते सालही तेच, आणि बाटली बऱ्याच स्वस्तात बसते.

एवढं करूनही ठरत नसेल तर आमचं मत: 20 वर्षांची टॉनी. 10 मध्ये अजून फळाचा भर असतो, 40 छान असते पण रोज न पिणाऱ्याला तिच्यातलं निम्मं कळत नाही. उघडी टॉनी बूच लावून फ्रिजमध्ये महिनाभर चांगली राहते, म्हणजे रविवारी थोडी थोडी पुरते. प्यायच्या आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवा. एकेकाला 60 मिली, लहान काचेच्या ग्लासात. बर्फ नाही, सोडा नाही. सोबत शेंगापोळी! भाजलेले शेंगदाणे, अंजीरही चालतील. आपली शेंगाचटणी मात्र नको. लसूण-तिखटापुढे पोर्ट उरत नाही.

60 मिलीत सहा ग्रॅमच्या आसपास साखर जाते. वडिलांना मधुमेह असेल किंवा गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

मुरलेली पोर्ट आम्ही दुकानात साठवून ठेवत नाही, मागणीनुसार मागवतो. त्यासाठी निम्मी रक्कम आगाऊ घेतो, यावर काहीजण नाराज होतात. पण न नेलेली बाटली एप्रिल-मेमध्ये इथे सांभाळायची म्हणजे काय, ते वरच्या फळीच्या गोष्टीवरून कळलंच असेल. समारंभाच्या तीन आठवडे आधी सांगा, त्या दिवशी ड्राय डे नाही ना तेही बघा. नेताना पिण्याचा परवाना सोबत आणा. बाटलीत भरल्याचं साल आम्ही बिलावर हाताने लिहून देतो. पैसे देण्याआधी लेबलशी ताडून बघा.