शूटिंग देश बदलतं, युनियनला ते जमत नाही

२०२३ मध्ये हॉलिवूडचे ॲक्टर ११८ दिवस संपावर होते, तेव्हा लंडनमधली इक्विटी, म्हणजे ब्रिटिश ॲक्टरांची युनियन, त्यांच्या बाजूने मोर्चे काढत होती पण तिच्या करारावर काम करणारे मेंबर सेटवर जातच होते, कारण दुसऱ्याच्या संपाला साथ म्हणून संप करायला ब्रिटनचा कायदा परवानगीच देत नाही. हा तिढा जुना आहे.

सिनेमावाल्यांची सगळ्यात जुनी मोठी युनियन म्हणजे अमेरिकेतली आयॅट्सी (IATSE), ती मुळात नाटकवाल्यांची. १८९३ मध्ये न्यूयॉर्कला थिएटरच्या पडद्यामागचे कामगार एकत्र आले, पुढे कॅनडातले आले म्हणून ती इंटरनॅशनल झाली, म्हणजे दोनच देश, बास. मग प्रोजेक्टर चालवणारे आले, स्टुडिओतले आले, आणि १९२६ ला स्टुडिओंनी पहिल्यांदा करार केला. १९३० च्या दशकात तर युनियनचा प्रेसिडेंट जॉर्ज ब्राउन आणि त्याचा साथीदार विली बायॉफ हेच माफियाच्या वतीने स्टुडिओंकडून खंडणी उकळत होते, १९४१ ला दोघं दोषी ठरले. हा भाग कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही.

खरी अनेक देशांची संघटना युद्धानंतरची. १९५२ ला ब्रिटिश आणि फ्रेंच ॲक्टरांच्या युनियननी मिळून फिया (FIA), म्हणजे ॲक्टरांच्या युनियनांचा आंतरराष्ट्रीय संघ, काढली. टेक्निशियन वगैरे मंडळींच्या युनियन २००० पासून युनी ग्लोबल युनियनच्या मीडिया विभागात आहेत. पण हे सगळे युनियनांचे संघ, कामगार थेट मेंबर नसतो, आणि संघ फार तर आपल्या युनियनांना सांगू शकतो की बाबांनो, तिकडचं काम घेऊ नका.

२०१० ला फियाने नेमकं तेच केलं. न्यूझीलंडमधल्या ॲक्टरांना सामूहिक करार हवा होता म्हणून तिथे होणाऱ्या 'द हॉबिट' या सिनेमावर काम करू नका असं जगभरच्या युनियनना कळवलं. सिनेमाचा स्टुडिओ वॉर्नर ब्रदर्स शूटिंग दुसरीकडे न्यायच्या गोष्टी करायला लागली, तिथलेच क्रूवाले उलट ॲक्टरांच्या विरोधात रस्त्यावर उतरले, आणि सरकारने घाईघाईत कायदाच बदलला की फिल्मवर काम करणारा कर्मचारी नाही, कंत्राटदार, करारात तो कर्मचारी आहे असं स्पष्ट लिहिलं नसेल तर. वर स्टुडिओला जादा सवलतीही! माझ्या मते फियाचा अंदाज इथे साफ चुकला, बहिष्कार मागे घेऊनही काही वाचलं नाही.

कंत्राटदारांना एकत्र वाटाघाटी करायचा हक्क मिळायला २०२२ चा नवा कायदा यावा लागला, आणि त्यातही संपाला मनाईच आहे.