दूरसंचाराच्या मक्तेदारीला व्यापार नियमांची वेसण कशी पडली

फोन हा परदेश व्यापाराचा विषय आहे, असे 1980च्या दशकापर्यंत फारसे कोणी मानत नव्हते. बहुतेक देशांत टेलिफोन सरकारी खात्याच्या किंवा एकाच कंपनीच्या ताब्यात असे आणि दोन देशांमधला कॉल हा दोन मक्तेदारांचा आपसातला मामला होता. त्याची चौकट आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने घालून दिली होती. 17 मे 1865 रोजी पॅरिसमध्ये 20 युरोपीय देशांनी तारेसंबंधी करार केला, त्यातून ही संस्था उभी राहिली.

पुढचे सगळे भांडण जिथून सुरू झाले, ती पैशांची वाटणी आधी पाहायला हवी. दोन देशांतल्या कंपन्या मिनिटामागे एक हिशेबी दर ठरवत आणि तो निम्मा-निम्मा वाटून घेत. समजा दर 1 डॉलर आहे. एका बाजूने 100 मिनिटांचे कॉल गेले आणि दुसरीकडून 40 मिनिटांचे आले, तर जास्त कॉल करणाऱ्याने उरलेल्या 60 मिनिटांचे, मिनिटाला 50 सेंट या हिशेबाने, 30 डॉलर समोरच्याला द्यायचे. ग्राहकाकडून किती घ्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. दोन्हीकडे मक्तेदारी होती तोवर यावर कोणाची तक्रार नव्हती. तंत्रज्ञानामुळे कॉलचा खरा खर्च झपाट्याने उतरत गेला, तरी हे दर त्या वेगाने खाली आले नाहीत.

1984 हे वर्ष कलाटणीचे. अमेरिकेत एटी अँड टी या मक्तेदार फोन कंपनीचे तुकडे झाले आणि त्याच वर्षी ब्रिटनने ब्रिटिश टेलिकॉमचे शेअर विकायला काढले. पुढच्या वर्षी जपानने एनटीटी या सरकारी फोन कंपनीचे खासगीकरण केले. अमेरिकेत स्पर्धेमुळे कॉल स्वस्त झाले, लोक परदेशात जास्त बोलू लागले आणि नेमके त्याचमुळे अमेरिकी कंपन्यांचे परदेशातले देणे फुगत गेले. 1990च्या दशकाच्या मध्याला ते वर्षाला 5 अब्ज डॉलरच्या घरात होते. पण याच पैशावर अनेक गरीब देशांच्या दूरसंचार खात्यांची परकीय चलनाची मोठी कमाई अवलंबून होती. त्यामुळे याकडे श्रीमंतांना लुटणे म्हणून पाहणे जितके अपुरे, तितकेच गरिबांना केलेली मदत म्हणून पाहणेही अपुरे आहे.

1986 साली उरुग्वेतल्या पुंता देल एस्ते इथे गॅटच्या, म्हणजे जकात आणि व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, वाटाघाटींची नवी फेरी सुरू झाली आणि सेवा पहिल्यांदाच वाटाघाटींच्या टेबलावर आल्या. या फेरीतून निघालेला सेवा व्यापाराचा करार, म्हणजे गॅट्स, 1 जानेवारी 1995 पासून लागू झाला. त्याला दूरसंचाराचे स्वतंत्र परिशिष्ट जोडलेले आहे: परदेशी बँकेला किंवा विमा कंपनीला देशात काम करू द्यायचे असेल, तर तिला सार्वजनिक जाळे वाजवी अटींवर वापरू द्यावे लागेल. खुद्द फोन सेवेचा बाजार उघडण्यावर मात्र एकमत झाले नाही. त्याची बोलणी पुढे ढकलली आणि 30 एप्रिल 1996 ही मुदत ठरली.

ती मुदत हुकली. इतरांचे प्रस्ताव तोकडे आहेत, असे अमेरिकेचे म्हणणे होते. गॅट्सच्या नियमाप्रमाणे एकाला दिलेली सवलत सर्वांना द्यावी लागते. मग आपला बाजार बंद ठेवणाऱ्या देशाची कंपनी आपल्याकडे मोकळेपणाने धंदा करील, अशी तिला धास्ती होती. गॅटच्या जागी आलेल्या जागतिक व्यापार संघटनेचे महासंचालक रेनातो रुजेरो यांनी तेव्हा आलेले प्रस्ताव रद्द होऊ दिले नाहीत. ते तसेच राखून बोलणी लांबवण्याचा तोडगा सुचवला. माझ्या मते संपूर्ण कहाणीतली ही सर्वांत शहाणपणाची चाल. 15 फेब्रुवारी 1997 रोजी 69 सरकारांनी करार केला. जगातल्या दूरसंचार उत्पन्नाचा 90 टक्क्यांहून जास्त वाटा या देशांचा होता. ‘चौथा प्रोटोकॉल’ नावाने तो 5 फेब्रुवारी 1998 रोजी अमलात आला.

गुंतवणुकीच्या मर्यादांची चर्चा त्या वेळी फार झाली, पण खरी नवलाई होती ‘रेफरन्स पेपर’ नावाच्या छोट्याशा मसुद्यात. बाजार कागदावर उघडून भागत नाही, हे बोलणी करणाऱ्यांना कळले होते. नव्या कंपनीच्या ग्राहकाला जुन्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलता आलेच पाहिजे. ती जोडणी जुन्या कंपनीने अडवून धरली किंवा महाग केली, तर परवाना असून उपयोग शून्य. म्हणून या मसुद्याने सांगितले की, बड्या कंपनीने खर्चाशी मेळ खाणाऱ्या दरात जोडणी द्यावी, सरकारने तिला स्पर्धा मारू देऊ नये आणि नियामक कोणत्याही कंपनीपासून स्वतंत्र असावा. सीमेवरच्या जकातीत मुरलेला व्यापार कायदा इथे देशाच्या आतल्या नियमनात शिरला. 69 पैकी 63 सरकारांनी नियमनाची काही ना काही बांधिलकी पत्करली.

अमेरिका तेवढ्यावर थांबली नाही. ऑगस्ट 1997 मध्ये तिच्या संघीय दूरसंचार आयोगाने आपल्या कंपन्या परदेशात मिनिटामागे जास्तीत जास्त किती देतील, हे एकतर्फी ठरवून टाकले: देशाच्या उत्पन्नानुसार 15, 19 किंवा 23 सेंट. अनेक देशांना हे वर्मी लागले, आणि ते रास्तच होते. सर्वांनी बसून ठरवायची गोष्ट एका देशाच्या नियामकाने ठरवली होती.

रेफरन्स पेपरची खरी परीक्षा मेक्सिकोत झाली. तिथल्या नियमांनुसार परदेशातून येणाऱ्या कॉलचा दर सर्वांत मोठी कंपनी, म्हणजे टेलमेक्स, परदेशी कंपन्यांशी ठरवत असे आणि बाकीच्यांना तोच लावावा लागे. शिवाय येणारे कॉल जाणाऱ्या कॉलच्या प्रमाणात वाटून दिले जात. मग दर पाडून जास्त कॉल ओढण्यात कोणाला काय रस असणार? अमेरिकेने 2000 साली जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. आमचा कायदाच तसा आहे, असा एक बचाव मेक्सिकोने केला. एप्रिल 2004 मधल्या निकालात संघटनेच्या निवाडा करणाऱ्या पॅनेलने तो फेटाळला: स्वतःच कायदा करून आंतरराष्ट्रीय वचनातून सुटता येत नाही. मेक्सिकोने अपील केले नाही, नियम बदलायचे कबूल केले. गॅट्सखाली दूरसंचारावर पॅनेलने दिलेला हा पहिलाच निकाल.

संघटनेच्या वाटाघाटींची पुढची, म्हणजे दोहा फेरी रखडल्यावर 1997च्या वचनांत जागतिक पातळीवर मोठी भर पडलीच नाही. रेफरन्स पेपरचे मुद्दे प्रादेशिक करारांत गेले. प्रशांत महासागराभोवतालच्या देशांच्या सीपीटीपीपीसारख्या व्यापार करारात नंबर पोर्टेबिलिटी आणि रोमिंगही आले. जुना हिशेबही पुरता मिटलेला नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 2012 च्या दुबई परिषदेआधी युरोपीय दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने सुचवले होते की, इंटरनेटवर मजकूर पाठवणाऱ्याने जाळ्याचे पैसे द्यावेत. तो प्रस्ताव करारात गेला नाही. तिथल्या अंतिम मसुद्यावर 89 देशांनी सही केली, अमेरिकेसह 55 देशांनी केली नाही. आणि जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेकडे दिलेल्या वचनांच्या तक्त्यांत आजही टेलेक्स, तार आणि फॅक्स अशा ओळी आहेत. इंटरनेटवरचा कॉल त्यांपैकी कोणत्या ओळीत बसवायचा, हा वाद सुरूच आहे.