ओबोन आणि उंदास

जपानमधील ओबोन आणि फिलिपिन्समधील उंदास हे दोन्ही मृतांच्या स्मरणाचे सण. ओबोनला पितर घरी येतात, तर उंदासला घरची माणसे पितरांकडे जातात.

जपानच्या बहुतेक भागांत ओबोन १३ ते १६ ऑगस्टला असतो. १८७३ साली देशाने ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली आणि तारखेला फाटे फुटले. टोकियोतील अनेक घरे तो जुलैतच उरकतात, ओकिनावात मात्र आजही चांद्र पंचांगाचा सातवा महिना पाहिला जातो. सरकारी सुट्ट्यांच्या यादीत ओबोन नाही. तरीही या दिवसांत कचेऱ्या ओस पडतात आणि गावाकडे जाणाऱ्या गाड्या तुडुंब भरतात. सणाचे खरे वजन यादीपेक्षा या गर्दीतच दिसते.

मूळ कथा बौद्ध आहे. बुद्धांचे शिष्य मौद्गल्यायन (जपानी उच्चार मोकुरेन) यांना त्यांची आई प्रेतयोनीत उपाशी दिसली. तिला दिलेला घास तोंडाशी जाण्याआधीच निखारा होई. वर्षावासाच्या, म्हणजे भिक्षूंच्या पावसाळ्यातल्या एकाच जागच्या मुक्कामाच्या, समाप्तीला भिक्षुसंघाला भोजनदान कर, असे बुद्धांनी सांगितले आणि आई सुटली. वर्षावास महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांना परका नाही. पितृपक्षाची आठवणही इथे होणारच, पण आपण त्या पंधरवड्यात मंगलकार्ये टाळतो, तर ओबोनला गावोगावी ढोलाच्या मचाणाभोवती फेर धरून नाचतात. हे नाच म्हणजे बोन-ओदोरी. गुजो या गावात तर १३ ते १६ ऑगस्टच्या रात्री पहाटेपर्यंत नाच चालतो.

घरातला विधी साधा आणि फार हृद्य आहे. १३ तारखेच्या संध्याकाळी दारात मातीच्या पसरट भांड्यात भांगेच्या झाडाच्या सोललेल्या काड्या पेटवतात. पितरांना घर सापडावे म्हणून हा जाळ. आत काकडीला आणि वांग्याला काड्यांचे चार-चार पाय खोचून ठेवलेले असतात. काकडी हा घोडा, पितरांनी लवकर यावे म्हणून. वांगे ही गाय, त्यांनी जाताना सावकाश जावे म्हणून. आपल्या माणसाला निरोप देताना पाय कसा अडखळतो, ते या वांग्यात पुरते उतरले आहे. निरोपालाही जाळच. १६ ऑगस्टच्या रात्री क्योतो शहराभोवतीच्या पाच डोंगरांवर अग्नीच्या प्रचंड आकृत्या पेटतात. त्यांतली ‘दाय’ (मोठा) ही अक्षराकृती सर्वांत प्रसिद्ध. काही ठिकाणी कागदी कंदील पाण्यात सोडतात.

फिलिपिन्समध्ये स्पॅनिश राजवटीतून आलेल्या कॅथलिक परंपरेनुसार १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा दिवस. मिळून त्यांना उंदास म्हणतात. १ नोव्हेंबरला सरकारी सुट्टी असते. त्याआधीच लोक थडगी घासूनपुसून रंगवतात, मग फुले, जेवणाचे डबे आणि चटया घेऊन सगळे कुटुंब दफनभूमीत येते. काहीजण रात्रही तिथेच काढतात. पूर्वी गावात ‘पांगांगालुलुवा’ चाले: मृतात्म्यांच्या वतीने गाणी म्हणत दारोदार फिरणारी मंडळी. त्यांना सुमान, म्हणजे पानात गुंडाळून शिजवलेला चिकट तांदळाचा गोड पदार्थ, मिळे. शहरांत ही चाल विरत गेली. थडग्यांवरच्या मेणबत्त्यांचे ओघळ मात्र मुले अजूनही गरम असतानाच खरवडतात आणि लाडवासारखे वळून कोणाचा गोळा मोठा ते पाहतात.