बर्कली भाषणस्वातंत्र्य चळवळ

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात सप्टेंबर १९६४ ते जानेवारी १९६५ या काळात झालेले विद्यार्थी आंदोलन. ‘फ्री स्पीच मूव्हमेंट’ हे त्याचे मूळ नाव. आंदोलकांनी ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घेतले. सप्टेंबरमधील घडामोडींना ते मागाहून लावले जाते.

वादाचे मूळ जमिनीच्या एका पट्टीत आहे. विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट स्प्राउल यांच्या काळातील १९३४ च्या नियमाने विद्यापीठाच्या आवारात राजकीय प्रचाराला मज्जाव होता. त्यामुळे वक्ते सेदर गेट या प्रवेशद्वाराबाहेर, नगरपालिकेच्या रस्त्यावर उभे राहत. पुढे विद्यापीठाने तो रस्ता ताब्यात घेतला, हद्द दक्षिणेकडे सरकली आणि भाषणांची जागाही बँक्रॉफ्ट मार्ग व टेलिग्राफ ॲव्हेन्यू यांच्या नाक्यावर गेली. तेथील २६ फूट रुंदीची पट्टी नगरपालिकेची, असा सर्वांचा समज होता. विद्यार्थी संघटना तेथे प्रचाराची टेबले मांडण्यासाठी नगरपालिकेचा परवानाही घेत. वस्तुतः पट्टी विद्यापीठाचीच होती. ती नगरपालिकेला देण्याचे विद्यापीठाच्या नियामक मंडळाने (रीजंट्स) १९५९ मध्ये ठरवले होते, पण हस्तांतरण झालेच नाही.

ही बाब १९६४ च्या उन्हाळ्यात लक्षात आली आणि १४ सप्टेंबरच्या पत्राने विद्यार्थी-अधिष्ठाता कॅथरीन टाउल यांनी टेबले बंद केली. आदेशामागे कोण होते, यावर मतभेद आहेत. त्या वर्षी बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी कृष्णवर्णीयांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून परिसरातील हॉटेलांवर निदर्शने केली होती. ‘ओकलंड ट्रिब्यून’ या दैनिकावरही ती चालू होती. म्हणून त्याच्या मालक घराण्यातील, रिपब्लिकन पक्षाचे नेते विल्यम नोलँड यांनी दबाव आणला, असे आंदोलकांचे म्हणणे. दुसऱ्या मतानुसार गर्दी व गोंगाटाला विटलेल्या प्रशासनाने स्वतःहून पाऊल उचलले. दैनिकाकडून विचारणा झाली आणि आधीच धुमसणाऱ्या प्रशासनाला निमित्त मिळाले, हे मधले मत अधिक ग्राह्य वाटते. विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क केर त्या वेळी परदेशी होते. आदेश चुकीचा होता असे त्यांनी पुढे लिहिले. परतल्यावर मात्र तो रद्द केला नाही. (बर्कलीचे तत्कालीन चॅन्सेलर एडवर्ड स्ट्राँग यांचा मराठीत ‘कुलपती’ असा उल्लेख होतो, पदाचे स्वरूप आपल्याकडील कुलगुरूंच्या जवळचे आहे.)

१ ऑक्टोबरला नागरी हक्क संघटनेच्या टेबलावर बसलेले माजी विद्यार्थी जॅक वाइनबर्ग यांना अटक झाली. विद्यार्थ्यांनी पोलिसांच्या गाडीला वेढा घातला. तो सुमारे ३२ तास टिकला. गाडीच्या टपावरून भाषणे झाली. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी मारिओ साव्हिओ बूट काढून टपावर चढला, हा तपशील बहुतेक वृत्तांतांत येतो. त्याच उन्हाळ्यात तो मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीचे काम करून आला होता.

वेढा उठवण्यासाठी झालेल्या तडजोडीनंतर वादाचा नेमका मुद्दा पुढे आला. आवाराबाहेरच्या कायदेशीर कृतीचा प्रचार करण्यास नियामक मंडळाने २० नोव्हेंबरला मुभा दिली, बेकायदेशीर कृतीच्या प्रचारास नाही. नागरी हक्क चळवळीतील ठिय्या हा पुष्कळदा कायदाभंगच असल्याने ही मुभा विद्यार्थ्यांच्या उपयोगाची नव्हती. कायदा मोडला तर शिक्षा न्यायालय देईल, विद्यापीठाने वेगळी देऊ नये, हा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे वाद भाषणाइतकाच शिक्षेच्या अधिकाराचाही होता. चळवळीच्या नावातून हे दिसत नाही.

जुन्या प्रकरणांवरून नेत्यांवर नव्याने कारवाई सुरू होताच २ डिसेंबरला विद्यार्थ्यांनी स्प्राउल हॉल या प्रशासकीय इमारतीत ठिय्या दिला. गव्हर्नर पॅट ब्राउन यांच्या आदेशावरून पोलीस आत शिरले. अटकेचा आकडा सुरुवातीच्या वृत्तांत ८०० च्या आसपास आहे. आता ७७३ हा अधिक वेळा दिला जातो. ८ डिसेंबरला प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी ठराव केला: भाषणाच्या आशयावर विद्यापीठाने बंधन घालू नये, वेळ, स्थळ व रीत यांपुरते वाजवी नियम असावेत. जानेवारीत स्ट्राँग यांच्या जागी मार्टिन मेयरसन आले आणि स्प्राउल हॉलच्या पायऱ्या सभांसाठी खुल्या झाल्या.

१९६६ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांनी बर्कलीतील अशांतता हा प्रचाराचा मुद्दा केला. ते निवडून आले आणि जानेवारी १९६७ मध्ये नियामक मंडळाने केर यांना पदावरून दूर केले. साव्हिओचे निधन १९९६ मध्ये झाले. पुढच्या वर्षी त्या पायऱ्यांना त्याचे नाव देण्यात आले.