हिस्पॅनिक समाजातील अवयवदान

अमेरिकेतील हिस्पॅनिक (लॅटिनो) समाजात, म्हणजे मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्यूबा, मध्य व दक्षिण अमेरिकेशी नाते सांगणाऱ्या लोकांत, अवयव आणि ऊतींचे दान वाढावे यासाठी चाललेले प्रयत्न. २०२० च्या जनगणनेत हा समाज ६ कोटी २१ लाखांचा, म्हणजे देशाच्या सुमारे १९ टक्के होता. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत एक लाखाहून अधिक रुग्ण असतात. त्यांतल्या बहुतेकांना किडनी हवी असते आणि साधारण दर पाचांतला एक हिस्पॅनिक असतो. मधुमेहाचे मोठे प्रमाण हे यामागचे मुख्य कारण.

अवयव देताना वंश पाहिला जात नाही, रक्तगट मात्र पाहावाच लागतो. या समाजात निम्म्याहून अधिक लोक ‘ओ’ गटाचे आहेत. ‘ओ’ची किडनी इतर गटांना चालते, पण ‘ओ’च्या रुग्णाला ‘ओ’चीच लागते, त्यामुळे त्याची रांग लांबते. ऊतींची जुळणीही समान वंशमूळ असलेल्यांत होण्याची शक्यता अधिक असते.

दात्याची नोंदणी बहुधा वाहन परवान्याच्या अर्जावरच होते. कॅलिफोर्नियात होकार देणाऱ्याच्या परवान्यावर गुलाबी ठिपका छापतात. प्रौढाने केलेली नोंदणी तिथे कायद्याने पुरेशी ठरते. आपल्याकडे अर्ज भरलेला असला तरी नातेवाइकांची संमती घेतात, तसे तिथे नाही. नोंदणी नसेल तर मात्र निर्णय घरच्यांवर येतो, तोही अतिदक्षता विभागाच्या बाहेर उभे असताना. यंत्राच्या श्वासाने छाती वरखाली होत असलेला माणूस मेंदूमृत म्हणजे मेलेलाच, हे मातृभाषेतही पचत नाही. या कुटुंबांत तर कधी कधी शाळकरी मुलगाच आईबापांचा दुभाष्या असतो. अशा वेळी आलेल्या नकाराला औदार्याचा अभाव म्हणणे अन्यायाचे आहे.

धर्माचा अडसर समजला जातो तेवढा नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी रोममध्ये प्रत्यारोपणतज्ज्ञांपुढे बोलताना अवयवदानाला उघड पाठिंबा दिला होता. खरी धास्ती असते ती ‘वेलोरियो’ची: शवपेटी उघडी ठेवून आप्तेष्ट जागरण करतात, जपमाळ ओढतात, तेव्हा देह विद्रूप दिसला तर? प्रत्यक्षात त्वचेचा पातळ थर पाठ-मांड्यांवरून घेतात, हाडाच्या जागी आधार बसवतात, टाके कपड्यांखाली झाकले जातात. दात्याच्या कुटुंबाला अवयव काढण्याचा खर्चही पडत नाही. हे समजावण्याचे काम पत्रकापेक्षा ‘प्रोमोतोरा’, म्हणजे वस्तीतल्याच प्रशिक्षित आरोग्यसेविका, अधिक चांगले करतात.

जिवंतपणी किडनी देण्याबाबत शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न रुग्णालयातील उपक्रम महत्त्वाचा ठरला. डॉ. हुआन कार्लोस कायसेदो यांनी २००६ मध्ये तो सुरू केला. डॉक्टरांपासून समन्वयकांपर्यंत सारे स्पॅनिश बोलणारे, आणि बैठकीला रुग्णासोबत भावंडे, मुले, मामा-मावश्या यांनाही बोलावणे. ‘किडनी दिली की मूल होत नाही’ अशा शंका तिथे मोकळेपणाने निघतात. मुलाकडे किडनी कशी मागायची, या संकोचाने गप्प बसलेल्या बापाचा प्रश्नही त्याच खोलीत सुटतो.

एक विसंगती मात्र जुनी आहे. कागदपत्रे नसलेला स्थलांतरित दाता म्हणून चालतो, पण विम्याअभावी त्याचे स्वतःचे नाव यादीत लागणे अवघड असते. इलिनॉय राज्याने २०१४ मध्ये अशा रुग्णांच्या किडनी प्रत्यारोपणाचा खर्च उचलण्याची तरतूद केली.